बारावा सुरुंग

"किती?" मुकादमाने विचारलं.

"बारा," सुरुंगवाला म्हणाला. त्याने अकरा ऐकले होते.

बोगद्यात बारा सुरुंग पेटवले की बारा आवाज मोजायचे, हे त्याचं काम. आकडा तो सांगेल तोच खरा. एक जरी कमी भरला, तर ढिगाऱ्यात न फुटलेला सुरुंग आहे असं धरायचं. मग फावडं लावायचं नाही. पाणी मारून एकेक दगड हाताने उचलायचा, त्यात अख्खा दिवस जातो. गेल्या महिन्यात त्याने असेच अकरा सांगितले होते. तीस माणसांनी संध्याकाळपर्यंत दगड चिवडले आणि हाती काही लागलं नाही. "कान दाखवून ये रे एकदा," मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला होता. सगळे हसले. तोही हसला, कारण न हसून सांगतो कुणाला. त्याचा डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता.

त्यामुळे आज बारावा ऐकू आला नाही, तेव्हा त्याने तो स्वतःच्या कानाच्या खात्यावर टाकला आणि बारा सांगून मोकळा झाला.

मोकळा कसला. धूर निवळला, माणसं रुळांवरच्या वाघिणींत दगड भरायला लागली आणि त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. फावडं दगडावर आपटलं की तो दचकायचा. तो दहा पावलं पुढे जायचा, दहा मागे. कुणीतरी विडी पुढे केली, ती त्याने उलटी तोंडात धरली. आठही वाघिणी शिगोशीग भरल्या. काही झालं नाही. बघ, कानच होता, असं त्याने मनाला समजावलं. मन काही समजलं नाही.

इंजिनाने शिट्टी दिली आणि गाडी बाहेर निघाली. तिकडे उतारावर वाघिणी उलटवतात. दगड तीस फूट खाली आपटतात. भरताना वाचलेला सुरुंग तिथे वाचत नाही. आणि खाली दगड निवडणाऱ्या बायकांमध्ये त्याची बायको होती.

इतका वेळ तो दुसऱ्यांच्या जिवावर उदार झाला होता. आता स्वतःच्या घरचा जीव दिसला, तेव्हा तो मुकादमाकडे धावला. त्याची त्यालाच लाज वाटली.

"मुकादम, बारा नाहीत. अकराच ऐकले मी."

"मग बारा का म्हणालास?"

"डावा कान गेलाय माझा. दोन वर्षं झाली. वाटलं, एक कानातच राहिला."

मुकादमाने बोगद्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "उद्यापासून तू आत पाऊल टाकायचं नाहीस. पळ आता."

दोघं रुळांमधून पळत सुटले. पळताना सुरुंगवाल्याला नको ते आठवत होतं. रोज जेवताना बायको त्याच्या उजव्या हाताला बसायची आणि विचारायची, "किती?" तो म्हणायचा, "बारा." मग ती वाढायला घ्यायची. गेल्या महिन्यात तो अकरा म्हणाला, तेव्हा तिचा हात भांड्यातच थांबला होता. तिच्या तळहाताला कायम गंजाचा लाल डाग असायचा. "दगड निवडतेस की रूळ पुसतेस?" तो चिडवायचा. "दोन्ही," ती म्हणायची.

उजेडात आल्यावर डोळे दिपले. मग दिसलं, की गाडी उताराच्या अलीकडेच उभी आहे. आठही वाघिणी भरलेल्या होत्या. खालच्या बायका ढिगारा सोडून लांब जाऊन उभ्या होत्या. आणि इंजिनासमोर, रुळांच्या मधोमध, त्याची बायको मांडी घालून बसली होती.

"ही उठतच नाही," इंजिनवाला वैतागून म्हणाला. "म्हणते, नवरा येईपर्यंत एकही वाघीण उलटायची नाही. बायकांनाही हिनेच हाकललं. मला तर काही समजेना."

मुकादमालाही समजेना. इकडे निरोप आलाच नव्हता, तर हिला कळलं कुठून?

ती उठली. पदराला लागलेली खडी झटकली. रोजच्यासारखी नवऱ्याच्या उजव्या बाजूला आली आणि रोजच्याच आवाजात तिने विचारलं, "किती?"

"अकरा," तो म्हणाला.

तिने गंजाने लाल झालेला तळहात त्याच्यापुढे धरला. "रुळाला हात लावून हादरे मोजते मी. माझेही अकराच. तुमचा कान गेला, तेव्हापासून मोजतेय."