विषाला साखर कमी

"डावा हात," पंच म्हणाला.

"काय झालं डाव्या हाताला?"

"विष डाव्या हातानं ढवळायचं. उजव्या हातानं ढवळलं की त्याचं औषध होतं. राजाला मारायचंय की त्याचा खोकला बरा करायचाय, वहिनी?"

तिनं दातओठ खात पळी डाव्या हातात घेतली. पातेल्यात लाल रंग घातलेलं लिंबाचं पाणी होतं, पण नियम असे की खऱ्या विषालाही घाम फुटावा.

राजा म्हणजे तिचा नवरा. मैदानावर दर सुट्टीला रंगणाऱ्या राजा-दरबाराच्या खेळात पुठ्ठ्याचा मुकुट डोक्यावर चढल्यापासून त्याची एकही सुट्टी घरी गेली नव्हती. लेकीनं शाळेत बाबांचं चित्र काढलं, तेही मुकुटासकट. घरी खेळाचा विषय निघाला की हा गृहस्थ तोंड मिटून उठून जायचा. राजाला वर्षाची मुदत संपेपर्यंत गादी सोडता येत नसे. साधा खेळाडू मेला तर त्या दिवसापुरता, राजा मेला की खेळातून कायमचा बाहेर. म्हणून ही बाई वैद्यीण होऊन मैदानावरच्या या तंबूत घुसली होती.

आणि प्रत्येक वेळी तोंडघशी पडली होती. एकदा मंत्र म्हणताना शिंक आली, विष बाद. मागच्या वेळी पेला पुढे करताना सवयीनं "अहो, घ्या" म्हणाली. "महाराज" म्हटलं नाही, म्हणून तेही बाद. नवरा बिचारा हात पुढे करून तसाच बसला होता.

आज मात्र शिंक नाही, मंत्र चोख. थोडी साखर कमी वाटली, ती तिनं वाढवली. राजाचं पेय आधी चाखणारा सेवकही आज नव्हता. त्याला राजानंच रजा दिली होती म्हणे. इतका बेसावध माणूस राज्य काय करणार, असं तिला वाटलं.

"महाराज, सेवन करावं."

राजानं पेला झटकन तोंडाशी नेला.

"थांबा!" पंच धावत आला. "वहिनी, तुम्ही मघाशी तळहातावर थेंब घेऊन चाटलात."

"साखर बघितली हो! रोज स्वयंपाकात बघते तशी!"

"विष चाखणारा जागीच मरतो आणि त्याचं विष वाया जातं. आडव्या व्हा. आणि बोलायचं नाही. मेलेल्याशी कुणी काही बोललं तरी ते खेळात धरत नाहीत."

तिला रडूच कोसळलं. एवढ्या सुट्ट्या, एवढी लिंबं, सगळं मातीत. ती गवतावर आडवी झाली आणि डोळे गच्च मिटून घेतले.

राजा शोक करायला तिच्याशेजारी गुडघे टेकून बसला. दरबारानं माना खाली घातल्या. तो तिच्या कानाशी वाकला.

"जिवंत माणसापाशी हे बोललो, तर गादी आणखी वर्षभर गळ्यात पडते," तो कुजबुजला. "पुढच्या वेळी तेवढं चाखू नकोस गं. मला घरी यायचंय."