आजचा बिघाड

बाबांची शिकवायची पद्धतच उफराटी. धडधाकट पेरणीयंत्र ते कुणाला दाखवतच नाहीत. रोज सकाळी स्वतःच त्यात काहीतरी बिघडवून ठेवतात आणि म्हणतात, "शोधा." आफ्रिकेत शेतीचा मोठा पसारा असलेल्या बाई खास शिकायला आल्या होत्या, त्या रोज शोधून काढायच्या. दुभाषी मी. बाबांचं "डोकं खाल्लं या बाईनं" एवढं सोडून बाकी सगळं त्यांना सांगायचे.

शेवटच्या दिवशी, त्यांनी बाबांकडून विकत घेतलेली यंत्रं खोक्यांत भरायच्या आधी, बाई म्हणाल्या, "आज बिघाड मी केलाय. तुम्ही शोधा."

बाबांनी यंत्र मातीतून ओढलं. बी नुसतं भसाभसा सांडत होतं. त्यांनी साखळी पाहिली, चाक पाहिलं, बी सोडणारी भोकांची चकती काढून, पुसून परत बसवली. जेवण गार झालं तरी उठेनात. यंत्रवाला माणूस, बियाच्या पेटीत डोकवायचं काही सुचलं नाही.

शेवटी बाईंनाच दया आली. त्यांनी पेटीतलं मूठभर बी बाबांच्या तळहातावर ठेवलं. अगदी बारीक, राईएवढं.

"यंत्र ठीक आहे," त्या ओशाळून म्हणाल्या. "बी आमच्याकडचं आहे. आम्ही हेच पेरतो."

बाबांनी चकती पुन्हा काढली आणि एक दाणा भोकावर ठेवला; तो सरळ आरपार पडला.

"त्यांना सांग, यंत्र ठीक नाहीये. बी कधी चुकत नसतं." मग बिनभोकांची कोरी चकती शोधत म्हणाले, "आणि विचार, भोकं केवढी पाडू?"