केवडा पडलेली चवळी

अंबरनाथच्या प्रयोगशाळेमागच्या जाळीघरात प्रतिभा पोचली, तर चवळीच्या वीस कुंड्यांपैकी अठरा रिकाम्या. माळी रजेवर होता, म्हणून दोन दिवस पाणी घालायला तिने बारवी धरणाकडच्या पाड्यावरून वडिलांना बोलावलं होतं.

“केवडा पडलेला गो सगळ्यांवर, पानं पिवळी झालेली,” बाबा म्हणाले. “उपटून जाळली. ही दोन वाचवली बघ.”

ती उगीच कुंड्या इकडून तिकडे सरकवत राहिली. “बाबा, तो रोग मीच लावला होता.” मग राग गिळून तिने सांगितलं, की त्या पानांतला विषाणू माणसाला बाधत नाही. त्याच्यावर औषध चढवून शरीरात सोडलं, तर एमआरआयमध्ये कर्करोगाची बारीकशी गाठही उजळून दिसेल, असा प्रयोग आहे. पानं सोमवारी प्रयोगाला द्यायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर त्यांचं अंथरूण रिकामं. रागावून गेले असं वाटून दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना.

संध्याकाळी ते जाळीघराच्या दारात उभे. डोक्यावरच्या पाटीत, ओल्या गोणपाटात, मुळांच्या मातीसकट जपून आणलेली पिवळी रोपं.

“चार पाड्यांवरची गोळा केली,” ते म्हणाले. “तुझ्या आयशीची गाठ कुणालाच वेळेत दिसली नव्हती.”

रोग वेगळा होता, प्रयोगाच्या कामाचा नव्हता, हे तिला पानं पाहताच कळलं. तिने ती दोन निरोगी रोपं आत नेऊन ठेवली आणि बाबांची रोपं लावायला अठराही कुंड्या बाहेर ओढल्या.