लॉकेटमधली सवत

माझा दादा संग्रहालयात जुने दागिने दुरुस्त करतो. गेल्या वर्षी त्याच्याकडे दोनशे वर्षांपूर्वीचं एक लॉकेट आलं. आत काचेखाली खऱ्या तपकिरी केसांची बारीक वेणी गुंफून बसवलेली. तेव्हापासून जेवायला बसला की त्याचं सुरू, "काय केस आहेत! अजून चमक गेलेली नाही."

शेवटी वहिनीनं विचारलंच, "कोण होती ही भवानी?"

"सेनापतीची लाडकी. ती गेली तेव्हा त्यानं तीन दिवस पाणीसुद्धा घेतलं नाही म्हणे."

"मी आठ दिवस माहेरी गेले, तर तुझं वजन वाढलं होतं," वहिनी म्हणाली आणि कामाला लागली. तेलं झाली, लेप झाले, पार्लरमध्ये जाऊन अगदी तोच तपकिरी रंग झाला. खांद्यावरचे केस वर्षभरात पाठीवर आले. दादाला पत्ताच नाही, कारण त्याचा डोळा भिंगाला चिकटलेला.

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी वहिनी केस मोकळे सोडून, मला ओढत, सवतीला तोंड दाखवायला निघाली. काचेच्या पेटीखालची पाटी तिनं ठसक्यात, मोठ्यानं वाचली, "सेनापतीच्या लाडक्या घोडीच्या शेपटीचे केस."

मी छताकडे बघायला लागलो.



तेवढ्यात मागून दादा आला, वर्षभरात पहिल्यांदाच वहिनीकडे बघून थबकला आणि भारावून म्हणाला, "अगं, तुझे तर हुबेहूब तिच्यासारखे झालेत!"