रिकामी ठेवलेली जागा

भैय्यालालच्या पत्राला मोतीलालजींनी कधीच उत्तर दिलं नव्हतं. "झाडीबोलीचे शब्द तू जमवले, पुस्तकावर नाव मी माझं टाकलं. माफ कर," एवढंच त्यात होतं. भैय्यालाल वारल्यावर मोतीलालजींनी ते पत्र आपल्या शब्दांच्या वेबसाइटवर जसंच्या तसं लावलं आणि खालची उत्तराची जागा रिकामी ठेवली. शब्द आपले होते, याचा तेवढाच पुरावा उरला होता.

वेबसाइटच्या पुढं नवा सर्व्हर राखणीला बसला, आणि ती त्यांना ओळखेनाशी झाली. पासवर्ड घेई, अन् पुढच्याच पानावर पुन्हा नाव विचारी.

कॉलेजात संगणक शिकवणारी शेजारची मनाली दुपारी लॅपटॉप घेऊन आली.

"काकाजी, तुमची ओळख सांगणारी कुकी समोरचा सर्व्हर आत जाऊच देत नव्हता. आता वाट करून देली. करा लॉगिन."

त्यांनी केलं. पुन्हा नाव विचारलं.

मनालीनं आपल्या पडद्यावर पाहिलं. "असं कसं? इथं तर तुम्ही आतच दिसून राहिले."

"मी तर बाहेर आहो, पोरी."

"लॉगिन तर याच घरून झालं आहे. काहीतरी लिहून राहिले."

मोतीलालजींनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

"अजून लिहूनच राहिले, काकाजी," मनाली हळूच म्हणाली.

त्यांनी पत्राचं पान उघडलं. ते पाहायला लॉगिन लागत नसे. रिकाम्या जागेत, त्यांच्याच नावानं, उत्तर लागलं होतं:

"भैय्या, माफी कायची? ते शब्द तुझेच होते. माझे म्हणून खोटं मी बोललो."