साडूंची चाकं

“मागच्या चाकावर ही प्लॅस्टिकची तबकडी बसवा,” सायकलवाले बाबर म्हणाले. “ट्रायथलॉनला वारा कापायला पुष्कळ झालं. पुढचं चाक साधंच राहू द्या. स्वस्तात काम होईल.”

“आमच्या साडूंकडे चार बोटं उंच रिमची कार्बनची चाकं आहेत,” सुहास शक्य तितक्या निर्विकारपणे म्हणाला. साडूंचा फ्लॅट मोठा होता, केस शाबूत होते. त्यात आता ही चाकं.

“अविनाशराव ना? ती काय, तिथे टांगलीत. निम्म्या किमतीत विकायला दिलीत. आडव्या वाऱ्यात पुढचं चाक ओढतं, भीती वाटते म्हणाले.”

साडूंना भीती वाटते! इतकी आनंदाची बातमी सुहासने लग्नानंतर प्रथमच ऐकली.

“हीच बसवा. दोन्ही.”

“साहेब, ते चांगले वजनदार गृहस्थ. तुम्ही तर उडालच.”

“बसवा म्हटलं ना!”

स्पर्धेत खाडीचा पूल लागला आणि वारा आडवा आला. दोनदा कठड्याला घासल्यावर सुहास मुकाट्याने उतरला आणि सायकल हाताने ढकलू लागला. मागून साध्या चाकांवर साडू आले. त्यांनी मुद्दाम वेग कमी केला.

“साडूभाऊ, तुमची हिंमत मोठी! माझी तर या चाकांवर पार गाळण उडाली होती,” असं सगळ्यांदेखत हसत सांगून ते पुढे गेले.

भीती वाटली हे असं सहज सांगून टाकता येतं, हे सुहासला ठाऊकच नव्हतं. आता त्याला त्याचाही हेवा वाटू लागला.