संध्याकाळी सातचं तापमान

गोष्ट २०२३ सालची. पारोळ्याच्या भागाबाईंचे यजमान नाना गेले आणि दोन महिन्यांनी त्यांचा कॉम्प्युटरही बंद पडला. लेक मेघा पुण्याहून आली. घरातलं-बाहेरचं तापमान टिपणाऱ्या नानांच्या हवामानयंत्राच्या बारा वर्षांच्या नोंदी तिने बॅकअपमधून परत आणल्या, आणि आलेख बघताना थबकली.

"आई, स्वयंपाकघरातलं तापमान रोज संध्याकाळी सातला चढायचं. नाना गेल्यापासून चढतच नाही."

"यंत्राला काय कळतंय गं माय."

"मग रोज खाल्ली म्हणून फोनवर सांगतेस ती ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर भाजतेस कशावर? उन्हात?"

लेकीच्या जिवाला घोर नको म्हणून भागाबाईंनी रोज गॅस पेटवायचं कबूल केलं.

यंत्र मोबाइलला जोडून गेलेली मेघा आता पुण्यात सातचा चढलेला आलेख बघते आणि निश्चिंत होते; फोन फारसा करत नाही. इकडे भागाबाई रोज सातला पातेलंभर नुसतं पाणी उकळतात, आणि अंथरूण घालतात.